आप्पांना बसवण्याचा उद्योग

आमचे आप्पा बसत नाहीत. म्हणजे त्यांना बसता येत नाही असं नाही, त्यांचे गुडघे माझ्या गुडघ्यांपेक्षा ठणठणीत आहेत. पण दिवसाउजेडी बसलेला माणूस हा एकतर आजारी असतो नाहीतर पुढारी असतो, असं त्यांचं ठाम मत आहे आणि ह्या दोन्ही जमातींत त्यांना जायचं नाही. फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर होऊन ते वडूजजवळच्या आमच्या गावी आले, कोरडवाहू रानात ज्वारी आणि घेवडा करू लागले, तरी चहा उभ्यानेच. पेपर दाराच्या चौकटीला खांदा टेकवून. टेकवणं हेही अलीकडचं, आधी तेवढीसुद्धा सवलत नव्हती.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली. साताऱ्याला नेलं, स्टेंट बसवली आणि घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "सगळं करा, फिरा, रानात जा. फक्त अधूनमधून बसत चला. उन्हात जास्त उभं राहायचं नाही. आणि दमल्यावर नव्हे, दमायच्या आधी बसायचं." आप्पांनी हे सगळं उभं राहून ऐकून घेतलं. समोर खुर्ची होती.

उन्हाळ्यात पोरांच्या परीक्षा संपल्या आणि आमच्या सांगलीच्या घरात थीम पार्कची टूम निघाली. ते मुंबईच्या वाटेवरचं, घाट उतरल्यावरचं मोठं पार्क. पाळणे, पाणी, उलटे लटकवणारी चाकं, सगळं. माझी दोन्ही पोरं हटून बसली की आजोबा पाहिजेतच. मला वाटलं आप्पा नाही म्हणतील, पण फोनवर ते म्हणाले, "चला की. बगू तरी काय हाय." आई मात्र म्हशीचं निमित्त सांगून सुटली. वर मला म्हणाली, "जसं न्हेशील तसं आणून दे मला. अन् बसवत जा त्यांला."

"बसवते की," मी म्हटलं.

आई नुसती हसली. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बाईचं ते हसणं होतं, मी ते मनावर घ्यायला हवं होतं. तिला काय वाटत होतं ते तिने सांगितलं नाही, पण मला कळलं होतं. ह्या खेपेला काही झालं तर साताऱ्यापर्यंत पोचायलाही वेळ मिळणार नव्हता.

जायच्या आधी लोक त्या पार्कचा नकाशा मोबाइलवर बघतात आणि कुठला पाळणा कुठे ते ठरवतात. मी बाक शोधत होते. नकाशात बाक नव्हते. खाण्याची ठिकाणं होती, फोटोची ठिकाणं होती, भेटवस्तूंचं दुकान तर तीन वेळा दाखवलं होतं. माणसाने टेकायचं कुठे, ह्या विषयावर नकाशा गप्प होता. नवऱ्याने खांद्यावरून डोकावून विचारलं, "काय शोधतेस?" म्हटलं, सावली. तो म्हणाला, "त्यासाठी एवढं लांब कशाला, आपल्या जिन्याखाली आहे की."

आप्पा आदल्या दिवशीच साताऱ्याला आत्याकडे येऊन राहिले होते. आम्ही सांगलीहून पहाटे निघालो आणि साताऱ्याला हायवेवर त्यांना घ्यायला थांबलो, तर खांद्यावर पांढरा टॉवेल, हातात पिशवी, पाठ ताठ, असे ते रस्त्याच्या कडेला उभे. मागेच चहाची टपरी, टपरीपुढे बाकडं. बाकडं रिकामं.

"कवापासनं उबं हायसा?" मी विचारलं.

"आत्ताच आलो."

टपरीवाल्याने आतूनच सांगितलं, "ताई, आंधारापासनं हायती. म्या म्हनलो बसा, तर म्हनलं गाडी चुकंल."

आमचीच गाडी, त्यांच्यासाठीच थांबणारी. ती चुकणार कशी?

पार्कच्या दारात पिशव्या तपासल्या आणि आमची धपाटी, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा बाहेरचं अन्न म्हणून परत पाठवण्यात आला. आम्हीही डब्याबरोबर परत गेलो. पार्किंगच्या कडेला एक कडुनिंब होता, त्याखाली चादर टाकून सगळं संपवलं. वारा येत होता, मातीचा वास होता, कुणी उठवत नव्हतं. आत्ता विचार करते तेव्हा वाटतं, त्या अख्ख्या दिवसातली विश्रांतीची सर्वांत चांगली जागा तीच होती आणि तिला तिकीट नव्हतं. पण तिथेही आप्पा उकिडवेच होते. उकिडवं बसणं हे त्यांच्या हिशोबी बसणं नव्हे, ती उठायची तयारी.

दारातल्या मुलीने आप्पांकडे बघून गोड हसत विचारलं, "काकांसाठी व्हीलचेअर देऊ का?"

 आप्पांनी आधी तिच्याकडे, मग त्या खुर्चीकडे पाहिलं. मला वाटलं आता इथेच लढाई सुरू होणार. पण ते म्हणाले, "द्या की. सामानाला बरी पडंल."

आणि खरोखरच त्यांनी आमच्या पिशव्या, टॉवेल, पोरांचे कोरडे कपडे, पाण्याच्या बाटल्या असं सगळं त्या खुर्चीत रचलं, वरून पट्टा बांधला आणि खुर्ची ढकलत पुढे चालू लागले. हृदयाचा पेशंट मागे, सामान बसून. सामानाची सोय एकदम उत्तम झाली.

आत गेल्यावर माझ्या लक्षात आलं की ह्या पार्कात बाक आहेत, अगदी रेलचेल आहे, पण ते बसण्यासाठी नाहीत. कारंज्याजवळ जो सुंदर बाक होता त्याच्या अर्ध्या भागावर प्लॅस्टिकचं हसरं अस्वल कायमचं बसवलेलं होतं. उरलेल्या अर्ध्यावर मी आप्पांना कसंबसं टेकवलं, तर लगेच एक जोडपं आलं. "काका, जरा सरकता का, फोटो घ्यायचाय." आप्पा उठले. ते गेले, दुसरे आले. आप्पा बाजूला उभे राहून येणाऱ्यांना रांगेने सोडू लागले. "चला, पुढलं कोन?" शेवटी एका आजीबाईंनी त्यांना पार्कचा माणूस समजून शौचालय कुठे ते विचारलं, आणि त्यांनी ते बरोबर सांगितलं.

ओळीने लावलेली झाडं होती ती खजुराच्या जातीची. त्या झाडाची सावली त्याच्या स्वतःच्या बुंध्याला पुरत नाही. खऱ्या सावलीत होत्या त्या उपाहारगृहाच्या खुर्च्या, पण तिथे कुपन घेतल्याशिवाय टेकू देत नव्हते. मी कुपन घेतलं, चहा घेतला आणि आप्पांपुढे ठेवला. मी खुर्ची ओढतेय तोवर आप्पांनी कागदी कप उचलून चहा उभ्याने, तीन घोटांत संपवलासुद्धा. "झालं," म्हणाले. "चला."

मग एक थंड, अंधाराचं सभागृह दिसलं. बाहेर सिनेमाचं चित्र होतं. मला वाटलं देवच पावला. अंधारात कोण कुणाला बसलेलं बघतंय? आप्पांना म्हटलं, पोरांसाठी जाऊया, आणि ते आले, बसले, पाठसुद्धा टेकवली. मी डोळे मिटून आईला मनातल्या मनात कळवलं की बसवले. तेवढ्यात पडद्यावर एक डायनासोर आला आणि आमच्या खुर्च्यांनी आम्हाला खालून लाथा घातल्या. खुर्ची डावीकडे कलली, उजवीकडे आदळली, तोंडावर पाण्याचा फवारा आला, मानेवर कुणीतरी फुंकर मारली. मी आप्पांचा हात घट्ट धरला आणि त्यांची छाती वरखाली होते का ते अंधारात बघू लागले. माझ्याच छातीत इतकं धडधडत होतं की त्यांचं काही कळेना.

बाहेर आल्यावर आप्पा टॉवेलाने तोंड पुसत म्हणाले, "आपल्या एसटीपेक्षा बरी म्हनायची. भिजल्यालं तेवडं जास्तीचं."

दुपार चढली. पोरांना आणि नवऱ्याला सगळ्यांत उंच घसरगुंडीवर जायचं होतं, आणि पोरगी माझा हात सोडेना. आई तू पण, आई तू पण. मी आप्पांकडे पाहिलं. चेहऱ्याला घाम होता आणि रंग मला बरा वाटत नव्हता, पण विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं ते मला पाठ होतं. आणि तेव्हा मला तो बाक दिसला. शौचालयाच्या मागच्या अंगाला, पार्क बांधायच्या आधीपासूनचा एक जुना करंज राहिला होता. बहुतेक तोडायचा विसरला असावा. त्याखाली साधा सिमेंटचा बाक होता, ना अस्वल ना कारंजं. गर्द सावली होती.

माझं डोकं चाललं ते इथे. आमच्याकडे जागा मिळत नसते, धरावी लागते. वडूजच्या स्टँडवर गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून टॉवेल, टोपी, पिशवी, जे हाती लागेल ते आत टाकायचं. ज्याचा टॉवेल त्याची सीट. हा कायदा कुठे लिहिलेला नाही आणि तो कुणी मोडतही नाही. आप्पा ह्या कलेतले उस्ताद. चालत्या गाडीच्या खिडकीतून नेमका सीटच्या मधोमध टॉवेल पाडावा तो त्यांनीच. तेव्हा मी त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल काढला, बाकावर पसरला आणि म्हटलं, "आप्पा, ह्यो बाक आपला. आमी येईपर्यंत धरून ठेवायचा. कुनालाच बसू द्यायचं न्हाई. तुमच्यावर सोपवून चाललेय."

आप्पांचे डोळे चमकले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना ह्या पार्कात काही करण्यासारखं मिळालं होतं.

"जावा तुमी," ते म्हणाले. "मी हाय."

घसरगुंडीच्या जिन्यात आम्ही फार वेळ अडकलो. रांग हलेना. पण मी खुशीत होते. विश्रांती घे म्हटलं तर जो माणूस ऐकत नाही, त्याला विश्रांतीची ड्यूटी लावली की तो ती चोख करणार. नवऱ्याला मी हे समजावून सांगितलं आणि तो म्हणाला, "तू बँकेत उगाच सडतेस." वर पोचल्यावर रबराच्या होडीत बसून आम्ही किंचाळत खाली आलो. मी चिंब भिजले, एक चप्पल वाहून गेली आणि मी हसत होते. वडिलांची काळजी मिटलेली बाई मोकळेपणी हसते तसं.

तशीच एका पायात चप्पल घालून करंजापाशी आले.

बाक रिकामा होता. मधोमध टॉवेल, एक सुरकुती नाही. आणि बाकाशेजारी, सावलीच्या बाहेर, कारण सावली तोवर सरकली होती, आप्पा उभे. पाय जोडलेले, हात मागे, पाठ ताठ. कपाळावरून घामाच्या धारा चालल्या होत्या. समोर एक कुटुंब गवतावर बसून त्यांच्याकडे भीतभीत पाहत होतं.

"आप्पा!" मी ओरडलेच. "आवं बसला का न्हाई?"

"बसू कसा?"

"म्हंजे? बाक कुनासाठी धरला मग?"

"तुमच्यासाठी." त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता. "पहारा कुनी बसून देतं व्हय? संत्री बसला की झोपला. आन् रिलीफ आल्याबिगर पोस्ट सोडायची न्हाई." मग समोरच्या कुटुंबाकडे बोट करून अभिमानाने म्हणाले, "तीन येळा आलती ती. एकदासुदीक बसू दिलं न्हाई."

म्हणजे मी माझ्या हुशारीने, डॉक्टरांनी जे एक करू नका म्हणून सांगितलं होतं, नेमकं तेच त्यांच्याकडून करून घेतलं होतं. उन्हात, उभं, न हलता. ह्या बाकाच्या ऐवजी त्यांना भर उन्हात सोडून दिलं असतं तर निदान ते सावली शोधत तरी गेले असते.

 राग आला, भीती वाटली आणि मुख्य म्हणजे रडू आलं. ते लपवायला मी बाकावर टॉवेलसकट बसले आणि म्हटलं, "आप्पा, मला कसंतरी होतंय. मला न्हाई चालवत. तुमी जवळ बसा."

आप्पा ताबडतोब बसले.

किती सोपं होतं! माझी दोन्ही पोरं, नवरा, ते गवतावरचं कुटुंब, सगळ्यांदेखत आमचे आप्पा बाकावर बसले, माझ्या डोक्यावरून हात फिरवू लागले आणि त्यांचा श्वास हळूहळू खाली आला. मी डोळे किलकिले करून बघत होते. चेहऱ्यावर रंग परतत होता. मला गुरुकिल्ली सापडली. ते स्वतःसाठी बसणार नव्हते, माझ्यासाठी बसणार होते. आता दिवसभर मी दमत राहिले की काम झालं. मी ठरवलं की यापुढे दर दोन पाळण्यांमागे दमायचं.

पण आप्पांनी तोवर सामानाची खुर्ची जवळ ओढली होती. पिशव्या धडाधड खाली काढल्या आणि नवऱ्याच्या गळ्यात अडकवल्या.

"बस ह्यात," मला म्हणाले.

"आवं, नको."

"बस म्हंतो न्हवं."

सुभेदाराचा आवाज. मी बसले. आणि स्टेंट घातलेले माझे वडील, मला, चांगल्या भरल्या अंगाच्या बाईला, चढावरून ढकलू लागले. मागून त्यांचा श्वास ऐकू यायला लागला तशी मी "थांबा, थांबा" म्हणू लागले, तर त्यांना वाटलं मला फारच होतंय, म्हणून ते पळू लागले. लोक बाजूला होत होते. एक बाई म्हणाली, "बिच्चारी." पोरगा मागून मोबाइलवर शूटिंग करत होता. आजही आमच्या घरात कुणी पाहुणे आले की तो तो व्हिडिओ दाखवतो.

आप्पांनी थेट प्रथमोपचाराची खोली गाठली. सकाळपासून मी जे शोधत होते ते इथे होतं. दोन पांढरे पलंग, पंखा, माठ, जाड पडदे आणि पूर्ण शांतता. बाहेरचं संगीतसुद्धा आत येत नव्हतं. एवढ्या मोठ्या पार्कात विश्रांतीची एकच जागा ठेवली होती आणि तिथे यायला आधी पडावं लागत होतं. मला पलंगावर घातलं, आप्पांना शेजारी स्टूल दिलं आणि तिथल्या सिस्टरने पट्टा गुंडाळून माझं बीपी बघितलं. मी तिला डोळ्याने खुणावत होते की मला काही झालेलं नाही, जरा ह्या म्हाताऱ्यांचं बघा. तिने खुणेकडे लक्ष दिलं नाही. पुन्हा एकदा पट्टा फुगवला आणि विचारलं, "तुम्ही गोळी घेता का कुठली?"

"नाही. का?"

"बरंच वाढलंय. घरी गेल्यावर दाखवून घ्या. आणि जरा पडून राहा."

मग माझ्याच आग्रहाने तिने आप्पांचंही बघितलं. ते अगदी नीट होतं.

मी पलंगावर पडून वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिले. ढोंग करायला म्हणून आले आणि ते खरंच निघालं, ह्यावर हसावं की काय कळेना. बँकेतलं काम, घरचं, पोरांचं, सासूबाईंचं आजारपण, दर रविवारी वडूजची फेरी, ह्या सगळ्यात मी कधी बसले होते? मी आप्पांचीच पोरगी. मीही चहा ओट्यापाशी उभ्याने पिते. हे मला त्या दिवशी, भलत्याच ठिकाणी, ओल्या कपड्यांत कळलं आणि वाईट वाटलं. माझ्याबद्दलच वाटलं, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

आप्पा स्टुलावर हलले नाहीत. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं तिथेच होतो. पोरं आणि नवरा अधूनमधून येऊन बघून जात. आप्पांनी मला लहानपणीची एक गोष्ट सांगितली, रजेवर आले की मी त्यांना ओळखायची नाही आणि आईच्या पदरामागे लपायची, ती. "तीन-चार दिसांनी जवळ यायचीस," म्हणाले, "तवर रजा संपत यायची." असं ते यापूर्वी कधी बोलले नव्हते. त्यासाठी बसावं लागतं आणि आम्ही दोघंही कधी बसलो नव्हतो.

परत जाताना घाटात त्यांनी आईला फोन लावला. मोठ्या आवाजात, माझ्यासमोर. "मला काय धाड भरलीय? मी ठीक हाय. पोरीचं काय खरं न्हाई. तिच्यात दम ऱ्हायला न्हाई. तिला जपाय पायजे."

पलीकडून आई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण ती हसली नसणार.

मी गोळी सुरू केली. पण त्या दिवसाची फळं मी अजून भोगते आहे. गावी गेले की अंगणात लिंबाखाली खाट टाकलेली असते आणि खाटेवर तो टॉवेल. "तुझ्यासाठी धरलीय," आप्पा सांगतात आणि खाटेशेजारी उभे राहतात. मी आडवी झाले की मग ते पायथ्याशी टेकतात. नातवंडं आली, पाव्हणे आले, तरी त्या खाटेवर कुणाला बसू देत नाहीत. आई म्हणते, "बसवलंस बाई एकदाचं. पर सवताला पाडून."

परवा, दिवाळीनंतर, मी सांगलीला परत निघाले. वडूजच्या स्टँडवर विट्यामार्गे जाणारी गाडी लागली आणि सुट्टी संपवून निघालेली अख्खी गर्दी दाराकडे धावली. मी आप्पांना म्हटलं, "तुमी काय पळू नका. मी उबी राहून जाते." म्हणेपर्यंत ते माझ्या शेजारी नव्हते. गाडी थांबायच्या आत टॉवेल खिडकीतून गेला आणि आप्पा ड्रायव्हरच्या बाजूच्या दारातून वर चढताना दिसले. त्या वयात. डॉक्टरांनी इतकं बजावून. मी खालून ओरडत होते आणि एवढ्या कालव्यात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

कशीबशी आत शिरले. आप्पा सीटवर टॉवेलावर बसले होते. खिडकीची सीट, मला आवडते ती. मी चिडलेले होते. "उठा आता, उतरा," मी म्हटलं, "गाडी सुटायची."

ते उठले नाहीत. वर माझ्याकडे पाहिलं. कपाळ ओलं होतं.

"थांब," म्हणाले. "मला जरा बसू दे."

ह्या एका वाक्यासाठी मी अख्खं पार्क पालथं घातलं होतं. कारंजं, सिनेमा, करंज, सगळं.  आणि आता मला ते अजिबात ऐकायचं नव्हतं.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"न्हाई. दमलोय नुस्ता."

मी बाटली काढून दिली. त्यांनी पाणी बसून प्यायलं. मागून एक माणूस गर्दीतून पुढे सरकला आणि खिडकीकडे बोट करून म्हणाला, "आवं ताई, बाबा उतरायचं हायती न्हवं? मग आमाला बसू द्या की."

"न्हाई," मी म्हटलं. "सीट धरलीय."

कंडक्टर आला, त्याला म्हटलं, थोडं थांबा. तो आप्पांकडे बघून पुढे गेला आणि तिकिटं फाडू लागला. आप्पांनी मान मागे टाकून डोळे मिटले. मी सीटच्या बाजूला दांडीला धरून उभी राहिले, पाय जोडून, त्यांच्या अंगावर गर्दी येऊ नये म्हणून पाठ लावून, आणि कुणालाही जवळ येऊ दिलं नाही.